दोन सांगा, तिसरं सांगतो

आमच्याकडे उन्हाळी धान उभा असला की रात्री माणसं जागी असतात आणि मोटारी कायमच्या झोपतात. फेब्रुवारीतल्या अशाच एका रात्री साडेअकराला दार वाजलं. पुतण्या होता. पायाला चिखल आणि तोंडावर अपराधी भाव. “काकाजी, मोटार जरली.”

झाडीबोलीत ‘ळ’ नाही, त्याच्या जागी ‘र’ येतो. वाइंडिंगचं वार्निश करपल्याचा वास मात्र कुठल्याही बोलीत सारखाच येतो आणि तो त्याच्या सदऱ्याला येत होता. मी तीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. त्यामुळे जळालेली मोटार, न लागणारी ट्यूबलाइट आणि नापास होणारा पोट्टा या तिन्ही तक्रारी गावात माझ्याच दारी येतात. तिन्हींवर माझ्याकडे उपाय नसतो, पण स्पष्टीकरण असतं. लोकांनाही रात्री साडेअकराला तेवढंच हवं असतं, असा माझा समज आहे. बायकोचा नाही.

मी खुंटीवरची बॅटरी घेतली. जुनी, पत्र्याची, दोन सेलची, पिवळ्या उजेडाची. घरात एलईडीची पांढरी बॅटरी आहे, पण तिच्या उजेडात माणूस आजारी दिसतो. या जुन्या बॅटरीच्या बल्बच्या पितळी गळपट्टीवर बारीक अक्षरांत लिहिलंय: 2.5 व्होल्ट, 0.3 अँपिअर. बनवणाऱ्याने दोनच आकडे लिहिले, बाकीचे आपण काढायचे. अडीचला शून्य पूर्णांक तीनने भागलं की रोध आठ ओहमच्या जरा वर येतो आणि गुणलं की पाऊण वॅट. दोन सांगा, तिसरं सांगतो. जोशीबुवांना निदान जन्मवेळ तरी लागते, इथे तीही लागत नाही.

या बॅटरीशी आमच्या भंडारा जिल्ह्याचं जरा जवळचं नातं आहे. तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतून मँगनीज डायऑक्साइडचं खनिज निघतं आणि ते कोरड्या सेलच्या कारखान्यांना जातं. सेल फोडल्यावर आत जी काळी पूड निघते आणि आईने कितीही घासली तरी हाताची जात नाही, तिच्यात हेच असतं. म्हणजे रात्री बांधावर जाताना हातातला दीड-दीड व्होल्ट कदाचित आपल्याच मातीतून निघून, बाहेरगावी टोपी घालून, विकत परत आलेला असतो. लहानपणी आम्ही उतरलेले सेल कवेलूवर उन्हात वाळत घालायचो. मोठी माणसं म्हणत, त्यांत जीव येतो. यायचाही, एखाद्या रात्रीपुरता. जुन्या सेलचा व्होल्टेज फारसा पडलेला नसतो, मीटर लावलं तर चांगला एक पूर्णांक चार दाखवतो. त्याच्या पोटातला रोध वाढलेला असतो, त्यामुळे बल्ब जोडला की सगळा जोर आतल्या आतच खर्च होतो. उन्हाने तो रोध जरा उतरतो. हे मी शिकवायला लागल्यावर मला कळलं. आजीला न शिकता माहीत होतं.

तर आम्ही बोडीवर गेलो. शेतातल्या छोट्या तळ्याला आमच्याकडे बोडी म्हणतात. भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात तो मोठ्या मालगुजारी तलावांमुळे, कोहळी लोकांनी पाळ बांधून अडवलेल्या पाण्यामुळे. बोड्या म्हणजे त्या तलावांची नातवंडं. पुतण्याने या नातवंडाच्या काठावर एक एचपीची सिंगल फेज मोटार बसवली होती आणि मीटरच्या पेटीपासून तिथपर्यंत वायर ओढली होती. मी पावलं मोजत गेलो. दोनशे मीटर.

“वायर कितीची?”

“एक एमएमची. चांगल्या कंपनीची आहे, काकाजी. आयएसआय.”

वायरीबद्दल माणूस कंपनी सांगायला लागला की जाडी कमी आहे हे ओळखावं. मी खिशातल्या लाइट बिलाच्या पाठीवर, बॅटरी काखेत धरून, हिशेब मांडला. एक एमएम तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला साधारण अठरा ओहम. वीज जाते तशी परतही येते, हे वायर विकत घेताना कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून दोनशेचे चारशे मीटर. म्हणजे सात पूर्णांक दोन ओहम. मोटार सहा अँपिअर घेते असं धरलं, तर सहा गुणिले सात पूर्णांक दोन, त्रेचाळीस व्होल्ट. एवढे व्होल्ट नुसते रस्त्यात सांडले. रात्रीच्या वेळी मीटरजवळच 200 होते, म्हणजे बोडीवर 157 पोचले. ज्या मोटारीच्या पाटीवर 230 लिहिलंय, तिला 157 वर पाणी उपसायला लावणं म्हणजे उपाशी बैलाला नांगराला जुंपणं. शिवाय सहाचा वर्ग छत्तीस, त्याला सात पूर्णांक दोनने गुणलं तर जवळपास 260 वॅट. शंभराचे अडीच बल्ब जळतील एवढी वीज दोनशे मीटर वायर गरम करण्यात जात होती. पुतण्याने वायरीला हात लावून पाहिला आणि म्हणाला, “म्हनूनच कुत्रा रोज इथंच झोपते.”

हा जो वर्ग आहे ना, सगळी मेख त्याच्यात आहे. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. जेम्स जूल नावाच्या दारूभट्टीवाल्याच्या मुलाने हे 1840 च्या सुमारास मोजून काढलं. भट्टीत वाढलेल्या माणसाला उष्णतेचा हिशेब चोख कळणार, यात नवल नाही. व्होल्टेजचंही तेच. हजार वॅटची कॉइलची शेगडी घ्या. तिचा रोध त्रेपन्न ओहमच्या आसपास. व्होल्टेज 230 चा 160 झाला, म्हणजे तीस टक्के उतरला, तर शेगडी 700 वॅट देईल असं कुणालाही वाटेल. देते 484. निम्म्याहून कमी. आमच्याकडे संध्याकाळी चहाला वेळ का लागतो यावर पाहुण्यांचे घरधनिणीबद्दल गैरसमज होतात, ते या वर्गामुळे.

दुसऱ्या दिवशी मोटार घेऊन आम्ही वाइंडिंगवाल्याकडे गेलो. असली दुकानं तालुक्याच्या प्रत्येक गावी असतात. दारात जळालेल्या मोटारींची रांग, आत तांब्याच्या तारेची रिळं, भिंतीवर विश्वकर्म्याचं कॅलेंडर आणि सगळीकडे तो वास. दुकानदार मोटार उघडण्याआधीच वास घेऊन म्हणाला, “होल्टेज कमी होता.” हे ‘होल्टेज’ म्हणजे आमचं खास रूप. व्होल्टाच्या नावातला ‘व्ह’ वैनगंगा ओलांडताना पाण्यात पडला असावा.

बाजूला त्याचीच एक नवी भरलेली मोटार पडली होती. मला माझं मल्टिमीटर चालवायची हौस. मी वाइंडिंगच्या दोन टोकांना लावलं तर चार ओहम आले. मी लगेच भागाकार केला. 230 भागिले चार, सत्तावन्न. “अहो,” मी म्हटलं, “ही मोटार सत्तावन्न अँपिअर घेईल! मीटर जळेल घरचं!”

त्याने पान बाजूला थुंकलं. “मास्तर, तुमची मोटार फिरून रायली का उभी आहे?”

हा प्रश्न मला तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. खरं तर मीच विचारायला हवा होता. वाइंडिंगचा चार ओहम हा उभ्या मोटारीचा हिशेब. मोटार फिरू लागली की तिच्या आत उलट दिशेचा व्होल्टेज तयार होतो आणि तो आलेल्या व्होल्टेजला अडवून धरतो. त्यामुळे प्रवाह सहा-सातवर राहतो. तो म्हणाला, “फिरनारी मोटार लाइनीले परत ढकलते.” पाठ्यपुस्तकाने यासाठी अर्धं पान आणि एक आकृती घेतली असती. म्हणूनच मोटार चालू करताना, ती अजून उभी असते तेव्हा, नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह खेचते आणि घरातले दिवे क्षणभर मान टाकतात. म्हणूनच गाळ किंवा गवत अडकून पंख्याची चाल थांबली आणि बटण चालूच राहिलं, तर दहा मिनिटांत खेळ खलास. आणि व्होल्टेज उतरला तरी पाणी तेवढंच उचलायचं असल्यामुळे ती जास्त प्रवाह ओढते. साडेसातचे साडेनऊ अँपिअर झाले तर आकडा पावपटीने वाढल्यासारखा दिसतो, पण वर्ग केला की आतली उष्णता दीडपटीच्या वर गेलेली असते. वार्निश बिचारं किती सोसणार.

भाव ठरवताना त्याने जळालेली तार सोलून तराजूत टाकली. जुनं तांबं एवढं, नवं एवढं, मजुरी एवढी. मी बिलाच्या पाठीवर ओहम काढत होतो आणि तो ग्रॅम काढत होता. त्याचा हिशेब आधी संपला.

मी शाळेत हे सारं एका त्रिकोणात शिकवायचो. वर व्ही, खाली आय आणि आर. जे हवं त्यावर बोट ठेवा, उरलेलं उत्तर. पोट्ट्यांना तो त्रिकोण इतका आवडायचा की परीक्षेत नियम विचारला तरी ते त्रिकोण काढून ठेवत. नियमाच्या वाक्यात मात्र एक शेपूट आहे: वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना. हे शेपूट सगळे गाळायचे आणि मी अर्धा गुण कापायचो. एकदा नववीतल्या एका मुलीने घरून बल्ब आणला. 230 व्होल्ट, 100 वॅट. वर्गात आम्ही रोध काढला होता: 230 चा वर्ग भागिले शंभर, 529 ओहम. तिने मल्टिमीटर लावलं तर अडतीस आले. “सर, बल्ब खोटं बोलते का तुम्ही?”

दोघंही नाही बोलत. तो अडतीस थंड बल्बचा. आतली टंगस्टनची तार तापून पांढरी झाली की तिचा रोध तेरा-चौदापट वाढतो. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी बल्ब सहा अँपिअर गिळतो आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत अर्ध्या अँपिअरच्याही खाली येतो. घरातले बल्ब तेवत असताना सहसा जात नाहीत, लावताना जातात, ते या पहिल्या घासापायी. त्या दिवसापासून मी शेपटासाठी अर्ध्याऐवजी पूर्ण गुण कापायला लागलो. मुलीला दहापैकी दहा दिले, तेव्हा ती म्हणाली, “बल्बले पन द्या.”

ज्याच्या नावाचा हा नियम, त्या गेऑर्ग ओहमलाही होल्टेजची कटकट होतीच. कुलपं बनवणाऱ्याचा मुलगा, कलोनच्या शाळेत मास्तर. प्रयोग करायला जो विजेरी घट घ्यावा तो मोजता मोजता उतरायचा, आकडे एकाशी एक जुळेनात. आमच्या गावचाच वाटतो. मग त्याने घट सोडून दिला. तांबं आणि बिस्मथ यांचा सांधा केला, एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात ठेवलं. दोन्हींची तापमानं हलत नाहीत, म्हणून व्होल्टेजही हलत नाही. मग त्याचे आकडे जुळले. 1827 मध्ये पुस्तक काढलं. जर्मनीत त्याचं फारसं कौतुक झालं नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने 1841 मध्ये कॉप्ली पदक दिलं आणि म्युनिचला पक्कं प्राध्यापकपद मिळालं ते 1852 मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. दोन वर्षांनी तो गेला. एवढ्या उशिरा कायम झालेले मास्तर मी आमच्या जिल्ह्यातही पाहिले आहेत, पण त्यांच्या नावाने काही मोजत नाहीत.

जेम्स वॅटची गंमत उलटी. त्याने आयुष्यात विजेचं काही केलं नाही. वाफेची इंजिनं विकायची तर गिऱ्हाइकाला घोड्यांच्या भाषेत सांगावं लागे, म्हणून त्याने हॉर्सपॉवर ठरवली. तो जाऊन साठेक वर्षं झाल्यावर, 1882 मध्ये, सीमेन्सने शक्तीच्या एककाला त्याचं नाव सुचवलं. एक हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॅट. आमच्याकडे घोडे नव्हतेच, बैल होते, आणि शेतकी पुस्तकं एका मध्यम बैलजोडीचं काम साधारण एक हॉर्सपॉवर धरतात. म्हणजे पाच एचपीची मोटार लावणारा शेतकरी विहिरीवर पाच बैलजोड्या बांधतो. फक्त या जोड्या बसल्या तर त्यांना उठवायला शेपटी पिरगाळून चालत नाही.

वायरमन लोकांना हे सगळं एका ओळीत पाठ असतं: थ्री फेजला एचपीमागे दीड अँपिअर. पाच एचपीला साडेसात. आता डीपीचा हिशेब बघा. आमच्याकडे ट्रान्सफॉर्मरला डीपीच म्हणतात. 63 केव्हीएची डीपी एका फेजला चौऱ्याऐंशीच्या आसपास अँपिअर देऊ शकते. भागिले साडेसात. अकरा मोटारी. कागदावर अकराच असतात. पण रात्री थ्री फेज आली की ऑटो स्विच लावलेल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी जाग्या होतात, आणि वर सांगितलं तसं उठताना प्रत्येक जण पाच-सहापट खातो. लग्नात पहिल्या पंगतीला सगळा गाव बसावा तसं. आचारी म्हणजे डीपी बिचारी घुमते, तेल तापतं, डीओचा फ्यूज उडतो, अंधार. मग सगळे आपापल्या बांधावरून एकमेकांकडे बॅटरी मारून विचारतात, “तुमच्याकडं आहे का जी?” त्यात तारेवर आकडे टाकणारे वेगळे. ते कुठल्याच भागाकारात बसत नाहीत.

वीज समजावताना मी नेहमी पाणी घ्यायचो. तलावाची उंची म्हणजे व्होल्टेज, पाटातून वाहणारं पाणी म्हणजे प्रवाह, पाट जितका अरुंद आणि गवताने भरलेला तितका रोध जास्त. तलावांच्या जिल्ह्यात याहून सोपा दाखला कुठे मिळणार? एका पोट्ट्याने विचारलं, “सर, पाट फुटला की पानी बांधीत सांडते. वायर तुटली की लाइट खाली काऊन सांडत नाही?” मी म्हटलं, कारण हवेचा रोध फार मोठा असतो. “मग तुटलेल्या वायरीले पाय लागला की?” मग तू पाट होतोस, मी म्हटलं. वर्ग हसला, तो हसला नाही. त्याच्या घरी त्याच पावसाळ्यात एक म्हैस गेली होती. पुढे मी तो दाखला देताना जपून देऊ लागलो.

एक लहानशी गोष्ट राहिली. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं. प्लगच्या पिना पितळेच्याच असतात. पितळ तांब्याच्या तुलनेत विजेला बरंच जास्त अडवतं, पण पिन आखूड आणि जाड असल्याने ते चालून जातं. चालत नाही ते सैल बसणं. सैल पिन आणि सॉकेट यांच्यात अर्धा ओहम जरी रोध आला आणि गिझरचे दहा अँपिअर त्यातून गेले, तर दहाचा वर्ग शंभर, त्याचं अर्धं, पन्नास वॅट. शेंगदाण्याएवढ्या जागेत पन्नास वॅट. तपकिरी झालेला, वाकडा झालेला प्लग तुमच्याही घरात एखादा असेल, बघा. आणि ‘झिरोचा बल्ब’ नावाचा जो प्रकार देवघरात रात्रभर तेवतो, तो शून्य नव्हे, पंधरा वॅट खातो. रोज दहा तास धरले तर महिन्याला साडेचार युनिट. देवाच्या नावावर आहेत म्हणून मी बिलात शोधत नाही.

पुतण्याने शेवटी चार एमएमची वायर आणली. कुरकुर करत, कारण वायर मोटारीच्या वाइंडिंगपेक्षा महाग पडली. चारशे मीटरला एक पूर्णांक चौऱ्याऐंशी ओहम, सहा अँपिअरला अकरा व्होल्ट. मीटरजवळ 200 असले की बोडीवर 189. मी स्वतः जाऊन मोजले. तुम्हीही मोजणार असाल तर मीटरच्या पेटीजवळ मोजू नका, मोटार चालू असताना मोटारीच्या टोकाला मोजा. बंद मोटारीवर वायर कितीही बारीक असली तरी पूर्ण व्होल्टेज दिसतो, कारण प्रवाह शून्य, आणि शून्याला सात पूर्णांक दोनने गुणलं तर शून्यच सांडतं. याच कारणाने माणसं फसतात आणि दोष मोटार विकणाऱ्याला देतात.

या मोसमात मोटार जळली नाही. कुत्र्याने झोपायची जागा बदलली. जुनी एक एमएमची वायर सुनेने अंगणात कपडे वाळत घालायला बांधली आहे. तिची दोन्ही टोकं मी स्वतः टेस्टर लावून पाहिली आहेत.